पंपाची वायर

सिव्हिल लाइन्सला तिसऱ्या मजल्यावर बैठक.
बाहेर सेहेचाळीस, आत पंचवीस.
मारणाऱ्या नवऱ्यांच्या वर्गांसाठी निकष ठरवायचेत:
आठवडे चोवीस की बावन्न,
हजेरी किती टक्के, दोन खाडे चालतील का.
ढोबळे वकील म्हणतात, आकडा टाका,
आकड्याशिवाय फाइल हलत नाही.
मी मान हलवते. माझ्या पर्समध्ये एक आकडा आहे,
दहा अंकी. तो फक्त दुपारी
दोन ते चारमध्ये लावायचा असतो.

गड्डीगोदामच्या शाळेत रविवारी भरायचा माझा वर्ग.
सातवीच्या बाकांत गुडघे न मावणारे अकरा बाप्ये,
फळ्यावर शनिवारचं व्याकरण पुसायचं राहिलेलं:
कर्तरी, कर्मणी, भावे.
गुणवंत हेडाऊ पहिल्या दिवशी म्हणाला,
"हात लागून गेला जी, मॅडम. थोडासाच."
मी खडू उचलला. हात लागला.
कोणाचा? कोणाला?
सहा रविवार लागले त्याला "मी"पर्यंत यायला.
"मी तिले मारलं."
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
रात्री भांडी घासताना लक्षात आलं,
हा भावे प्रयोग.
मारणारा कोणी असो, मार खाणारी कोणी असो,
क्रियापद दोघांकडेही बघत नाही.

एक खाडा नाही केला त्यानं.
बाकं पुसायचा, सगळ्यांसाठी आलूबोंडे आणायचा,
रागाच्या पायऱ्यांचा तक्ता तोंडपाठ.
चोविसाव्या रविवारी मी सही केली:
यशस्वीरीत्या पूर्ण.
पुष्पकलाला एकदाही विचारलं नव्हतं.
तसा रकानाच नव्हता.

मे महिन्यात ती आली, तोंडाला दुपट्टा बांधून.
सोडला तेव्हा मी आधी गाल बघितले, मग मनगटं.
काहीच नव्हतं. तिला कळलं मी काय शोधतेय.
"हात नाही लावत आता, ताई.
आवाजही नाही चढवत. तुमच्याइथं शिकला ना.
दम घेते, दहापर्यंत मोजते,
अन् कूलरच्या पंपाची वायर काढून
खिशात टाकून ड्यूटीवर जाते.
खस कोरडीठाक. पोरगं ओल्या टॉवेलात घेऊन बसतो मी.
संध्याकाळी येते, वायर लावते, विचारते,
काहून, आज लई गरम झालं का?
तुमचा कागद लॅमिनेट केला हाये.
कूलरच्याच वर लावला. पाहुण्याले दाखवते."

बैठकीत हे सांगितलं. एसीचा आवाज तेवढा.
कुणीतरी विचारलं,
वायर कशी मोजणार मॅडम? कोणत्या कलमात बसवायची?
चहा आला. बिस्किटं नरम पडली होती.

मी पेन्सिलनं लिहायला घेतलं, कलम सात:
हजेरीला हजेरीच म्हणावं.
तो बदलला, याचा दाखला त्याच्याकडून घेऊ नये.
तिला वेगळं विचारावं, तिच्या वेळेला,
ती जे बोलेल ते त्याच्या कानावर जाता कामा नये,
आणि ती गप्प राहिली तर
"समाधानी" असं लिहू नये.
"आणि प्रमाणपत्र?" ढोबळे.
देऊ नये.
"मग ते येतील कशाला?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
अजूनही नाही. ती ओळ कोरी आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी जिन्यात आले,
फोन लावला. आमचं ठरलेलं:
टेलरकडून बोलतेय, ब्लाऊज झालाय.
सगळं ठीक असेल तर ती विचारते, किती झाले?
नसेल तर म्हणते, गळा मोठा झाला.

"किती झाले?" तिनं विचारलं.

मी उत्तर न देता मागचं ऐकत राहिले.
पंखा फिरत होता.
पाणी पडतंय का, ते कळेना.